फिक्या चहाचं घर

फडतरेबाईंच्या शोकसभेत जितके लोक बोलले, तितक्यांनी त्यांना ‘ज्ञानतपस्विनी’ म्हटलं. शेवटच्या वक्त्याला आपला शब्द आधीच वापरला गेल्याचं वाईट वाटलं असावं, म्हणून त्यानं ‘ज्ञानमहातपस्विनी’ म्हटलं. बाई समोर असत्या तर त्यांनी बसल्या जागेवरून, आवाज न चढवता विचारलं असतं, "तपस्या करताना बघितलंत का मला?"

‘बघितलंत का?’ हा बाईंचा एकूण जगाला एकच प्रश्न होता. विश्रामबागेत आमचे फ्लॅट समोरासमोर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, पाण्याची टाकी दर महिन्याला धुतली जाते. बाईंनी विचारलं, "बघितलंत?" चेअरमननी सेक्रेटरीकडं बघितलं, सेक्रेटरीनं वॉचमनकडं. शेवटी चेअरमन स्वतः शिडी चढून गेले आणि उतरल्यावर त्यांनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास बाजूला सारला. त्या महिन्यापासून टाकी खरोखर धुतली जाऊ लागली. बाईंचं विज्ञान मला जेवढं समजलं, ते एवढंच. बाकी विषाणू वगैरे तपशील.

मंदाकिनी फडतरे यकृताच्या संशोधक होत्या. कावीळ आणि कावीळ करणारे विषाणू, यात त्यांचा जन्म गेला. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक, तेव्हा आमच्या बोलण्यात यकृत यायचं काही कारण नव्हतं. पण एकदा त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "तुमच्या कवितेत सगळं हृदयाचं चालतं, सर. हृदय जरा काही झालं की बोंबलतं. यकृत तीस वर्षं तक्रार न करता काम करतं आणि एक दिवस एकदम बंद पडतं. त्याच्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत." मी म्हटलं, यकृत हा शब्द यमकाला अवघड आहे. त्यावर त्या हसल्या. त्या हसल्या की फक्त चष्मा हलायचा.

त्यांचं गाव वडूजच्या पलीकडं. नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. त्या गावच्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत. कोरडवाहू जमीन, घरटी एक माणूस फौजेत. मंदाकिनी पाचवीला साताऱ्याला बोर्डिंगात गेली आणि मॅट्रिकपर्यंत तिथंच राहिली. मग लग्न ठरत होतं ते मोडून कराडला सायन्सला, पुढं पुणे, मग काही वर्षं परदेश आणि अखेर सांगलीतली एक प्रयोगशाळा. परदेशातून लोक सहसा पुण्यापर्यंत परत येतात. सांगलीला का आलात, असं विचारलं की त्या म्हणत, "कावीळ इकडं आहे."

सत्कार त्यांचे खूप झाले. नारळाची चटणी व्हायची. शालींचा प्रश्न होता. बाईंनी तो आपल्या पद्धतीनं सोडवला. गावोगाव रक्ताचे नमुने घ्यायला जीप जायची, तेव्हा नमुन्यांच्या बर्फाच्या पेटीला त्या शाली गुंडाळायच्या. उन्हाळ्यात वडूज ते सांगली बर्फ टिकतो का, याचा त्यांनी शालीसह आणि शालीविना असा रीतसर प्रयोग केला होता. निष्कर्ष शालीच्या बाजूनं आला. एका सत्कारात आयोजकांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "मॅडम, आमची शाल कशी वाटली?" बाई म्हणाल्या, "जाड आहे. बर्फ राहील."

महापुरानंतर नदीकाठच्या एका गावात पाणी शुद्ध करणारं यंत्र बसलं. पुढारी आले, फीत कापली, कॅमेऱ्यासमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. दुसरा ग्लास बाईंपुढं केला. त्या म्हणाल्या, नमुना तपासायला नेलाय, उत्तर परवा येईल, तेव्हा पिईन. परवा उत्तर आलं, पाणी खराब होतं. ही गोष्ट मी चारचौघांत रंगवून सांगायचो आणि शेवटी पुढाऱ्याला पिवळा करायचो. बाई दर वेळी मधेच थांबवायच्या. "त्यांना काही झालं नाही, सर. ठणठणीत राहिले. तेही सांगा." मी म्हणायचो, त्यानं गोष्ट बिघडते. त्या म्हणायच्या, "बिघडू द्या."

आमची ओळख वाढली ती पत्रकांमुळं. लोकांसाठी सोप्या मराठीत माहितीपत्रकं लिहायची होती आणि ते काम माझ्याकडं आलं. मी पहिल्याच वाक्यात ‘भीषण’ लिहिलं. बाईंनी विचारलं, भीषण म्हणजे किती जण? मी ‘असंख्य’ केलं. त्यांनी तेही खोडलं. चार पत्रकांनंतर माझ्या लेखनातली विशेषणं गळून पडली आणि बायको म्हणाली, आता तुमचं वाचवतं.

या पत्रकांच्या निमित्तानंच मी त्यांच्या गावी जाऊ लागलो. बाई म्हणत, पत्रक ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या तोंडाकडं बघा. त्यामुळं तिथं जे घडलं त्याचा मी साक्षीदार आहे. त्यापलीकडं माझा त्यात काही वाटा नाही.

सुरुवात झाली ती दोन निवृत्त सुभेदारांपासून. दोघे एकाच गावचे, बाईंच्या. एकाचं हर्नियाचं, दुसऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. लष्कराच्या दवाखान्यात आधी रक्त तपासलं तर दोघांच्याही रक्तात ‘हिपॅटायटिस सी’ निघाला. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो, पाण्यातून नव्हे. वीस-तीस वर्षं गप्प बसतो. मग यकृत आक्रसतं, पोटात पाणी होतं आणि माणूस जातो.

गावात पोट फुगून गेलेली माणसं बरीच होती. त्याचं कारण गावाला ठाऊक होतं, दारू. पोट फुगलं की दारू, एवढं वैद्यकीय ज्ञान प्रत्येक पारावर असतं. बाईंचे वडीलही तसेच गेले होते. ते माळकरी होते. दारू सोडाच, चहाही कमी प्यायचे. त्यावर गावानं तोड काढली होती, की चोरून पीत असतील. ‘चोरून’ या शब्दावर बाईंच्या आईनं पुढची सगळी वर्षं काढली. विहिरीवर, लग्नात, बारशात तिच्या पाठीमागं कुजबुज चालायची. बाईंनी हे मला एकाच वाक्यात सांगितलं आणि लगेच गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल बोलायला लागल्या. पण त्या गावात त्यांचं काय अडकलंय, ते मला तेव्हाच कळलं.

त्यांनी गाव तपासायला घेतलं आणि पहिल्या झटक्यातच चुकल्या.

त्यांचा संशय वस्तऱ्यावर होता. गावच्या भावकीत सगळ्या मुलांची जावळं एकाच देवाला, एकाच दिवशी, एकाच वस्तऱ्यानं काढायची रीत होती. शिवाय दाढीला गावात एकच दुकान, दत्तूचं. बाईंनी दत्तूच्या दुकानात भर बाजारच्या दिवशी, दहा माणसांदेखत वस्तरा कापसानं पुसून नळीत घातला. त्या नळीचा निकाल यायला आठवडा होता, पण गावाचा निकाल संध्याकाळच्या आत लागला. पोरं दाढीला वडूजला जायला लागली. दत्तू रिकाम्या खुर्चीला फडकं मारत बसायचा.

मग रक्ताचे निकाल आले. पुरुषांइतक्याच बायकाही आजारी होत्या आणि बायकांच्या चेहऱ्याला वस्तरा लागत नाही. चाळिशीच्या आतलं कुणीच आजारी नव्हतं, जावळं मात्र त्यांचीही निघाली होती. वस्तरा निर्दोष होता.

बाईंनी तसं सरपंचांना सांगितलं. सरपंचांनी तसं स्पीकरवरून पुकारलं. काही फरक पडला नाही. तेव्हा पुढच्या बाजारी बाई दत्तूच्या दुकानात शिरल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांची वेणी कमरेपर्यंत होती, बरीचशी पांढरी. दारात माणसं जमली. त्यात मीही होतो.

दत्तू म्हणाला, "आक्का, हे पुरुषांचं दुकान हाय."

"मला वाचता येतं. काप."

"येणी?"

"मानंपातुर. आन् मान वस्तऱ्यानं साफ कर."

"आक्का, तुमची म्हातारी मला जित्ता सोडायची न्हाई."

"म्हातारीचं मी बघते. तू वस्तरा घे."

दत्तूनं नवं पातं काढलं. बाईंनी ते नीट निरखलं, होकार दिला, आणि दत्तूनं त्यांची मान साफ केली. दारातली माणसं हे अशा गांभीर्यानं बघत होती, जसं काही देवळात चाललंय. तेव्हापासून बाईंचे केस कायम आखूड राहिले आणि ते त्या कायम दत्तूकडंच कापायच्या. सांगलीत लोकांना वाटायचं, परदेशात राहिल्याचा परिणाम. बाई कुणाला काही सांगायच्या नाहीत. दत्तूची गिऱ्हाइकं महिन्याभरात परतली.

आता उरली सुई. चाळिशीच्या वरची सगळी माणसं आणि त्यांना जोडणारी एक गोष्ट, ती म्हणजे अण्णा डॉक्टर.

अण्णा डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. सायकलवरून यायचे, तीन गावांत आठवड्याचा एकेक दिवस बसायचे, मिळेल ते घ्यायचे, नाही मिळालं तर नाही. असा माणूस जिवंतपणी डॉक्टर असतो आणि मेल्यावर देव होतो. बाईंचं ठरत आलेलं लग्न मोडून त्यांना कराडला घालायला वडिलांना राजी करणारे तेच. त्या काळात सुया काचेच्या सिरिंजला लावलेल्या, धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. आणि लोकांना सुईच हवी असायची. गोळी देणारा डॉक्टर अर्धा डॉक्टर. डोकं दुखलं, सुई. अंगात कणकण, सुई. नुसतं उदास वाटलं, तरी सुई.

बाईंनी इतर दोन गावंही तपासली. तिथं आजार जवळजवळ नव्हता. डॉक्टर तोच, हात तोच, सुयाही त्याच. मग एकाच गावात का? सहा महिने त्या या प्रश्नापाशी अडून होत्या. रात्री माझ्याकडं येऊन बसायच्या. मी काही सुचवलं की म्हणायच्या, "बघितलंत का?"

उत्तर त्यांच्या आईनं दिलं, चहा करता करता.

गजराबाई तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. वाळून काटकी झालेल्या, पण जीभ शाबूत. त्यांच्या घरचा चहा गावात प्रसिद्ध होता, फिका म्हणून. पाण्याला पहिली उकळी फुटली की फडक्यात धरून पातेलं खाली. गॅस आला, तरी सवय तीच. त्या दिवशी मी आणि बाई स्वयंपाकघरात पाटावर बसलो होतो. म्हातारीनं पातेलं उतरवलं आणि नेहमीसारखं पाण्याच्या रंगाचं काहीतरी आम्हाला दिलं. बाईंनी सहज विचारलं, अण्णा आपल्या घरी बसायचे, तेव्हा त्यांचा स्टोव्ह कुठं असायचा?

"आपल्याकडं कशाला स्टो?" म्हातारी म्हणाली. "त्या दोन गावांत चावडीत बसायचे, तितं घिऊन जायचे. आपल्याकडं सोप्यात बसायचे. पयल्या दिशी म्हणाले, वहिनी, चुलीपाशी येतो, सुया उकळाय ठिवायच्यात. मी म्हणलं, आवं, पावण्यानं चुलीपाशी यायचं न्हाई. द्या हिकडं. तवापास्नं मीच उकळून द्यायची."

बाईंच्या हातातला कप तिथंच थांबला. "किती वेळ उकळायचीस, आये?"

"किती म्हंजी? उकळी फुटली की उतरायचं. ते म्हणायचे ईस मिंटं. घड्याळ कुनाच्या बापाकडं हुतं? भाईर माणसं खोळंबायची. आन् जळाण काय झाडाला लागतंय?"

ती आपल्याच बोलण्यावर हसली. जळण झाडालाच लागतं हे तिला ठाऊक होतं. त्या माळावर झाडं नव्हती. मग अभिमानानं माझ्याकडं वळून म्हणाली, "गुर्जी, अख्ख्या गावाच्या सुया या हातानं उकळल्यात मी. एक पैसा न्हाई घेतला."

पाहुणा पुरुष चुलीपाशी जात नाही, म्हणून डॉक्टरांना ती उकळी कधी दिसली नाही. आणि पातेलं उतरवणारीला कुणी सांगितलं नव्हतं, की दूध आणि सुई यात फरक आहे.

परतताना विट्याच्या पुढं बाई म्हणाल्या, "सर, उत्तर सापडलं."

मी म्हटलं, बरं झालं.

"हो. वडील दारू पीत नव्हते, हे मला आता सिद्ध करता येईल." मग बाहेर बघत म्हणाल्या, "आणि ते कुणामुळं गेले, तेही."

आता गप्प राहता येत नव्हतं. त्या आजारावर गोळ्या निघाल्या होत्या. तीन महिने घेतल्या की बहुतेकांच्या रक्तातून विषाणू जातो. पण माणूस तपासायला यायला हवा आणि आपल्याला काही झालंय असं वाटलंच नाही, तर तो येणार कशाला? आणि ज्यांचं पोट फुगायला लागलं होतं ती माणसं दारूच्या बदनामीला भिऊन घरात लपत होती. त्यांना खरं कारण सांगायलाच हवं होतं.

मी मार्ग सुचवला. पत्रकात लिहू, ‘सुया पुरेशा उकळल्या न गेल्यामुळे’. मराठीत कर्मणी प्रयोग अशाच अडचणींसाठी केलेला आहे. बाई म्हणाल्या, "गाव कर्मणी प्रयोगात विचारत नाही, सर. गाव विचारतं, कुणी?"

नुसतं ‘अण्णांच्या सुया’ म्हटलं, तर निर्दोष माणसावर डाग आणि इतर दोन गावं उगाच हवालदिल. ‘आमच्या चुलीवर’ म्हटलं, तर चूल कुणाच्या हाती होती ते शेंबडं पोरही सांगेल. दत्तूचं काय झालं ते त्यांनी बघितलं होतं. दत्तू तरणा होता, सावरला. नवऱ्याच्या बदनामीत आयुष्य काढलेल्या नव्वदीच्या बाईला, नवरा तुझ्याच पातेल्यामुळं गेला, हे मंडपात ऐकवायचं?

आणि मंडप तर ठरलेलाच होता. अण्णांच्या जन्मशताब्दीनिमित्त गावानं त्यांच्या नावाचं सभागृह बांधलं होतं. अर्धपुतळ्याचं अनावरण प्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. मंदाकिनी फडतरे यांच्या हस्ते. त्याच कार्यक्रमात, अण्णांच्या सुया उकळून देणाऱ्या माउली श्रीमती गजराबाई यांचा साडी-नारळ देऊन सत्कार. फ्लेक्सवर दोघींचे फोटो होते. म्हातारीच्या फोटोमागं कुणा हौशी पोरानं तेजोवलय टाकलं होतं.

अनावरण झालं. पुतळा अण्णांसारखा दिसत नव्हता, असं अण्णांना बघितलेले म्हणाले. न बघितलेल्यांना तो फार आवडला. निवेदकानं ‘त्याग’ हा शब्द थकेपर्यंत वापरला. म्हातारीला साडी दिली; ती तिनं तिथल्या तिथं उलगडून काठ बघितले. मग बाई उठल्या. कागद नव्हता.

"अण्णांची सुई कुणी कुणी घेतलीया? हात वर करा."

सगळे हात वर गेले, अभिमानानं. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्या दर आठवड्याला घ्यायचो. काय दुखत नसलं तरी." हशा झाला. बाईंनी स्वतःचाही हात वर केला. पहिल्या रांगेत एकच हात खाली होता. गजराबाई सुईला भ्यायच्या. जन्मात एकही घेतली नव्हती.

"हात वर केलेल्या सगळ्यांनी उद्या सकाळी शाळेत यायचं. रक्त द्यायचं," बाई म्हणाल्या. "का ते सांगते. आपल्या गावात पोट फुगून माणसं गेली ती दारूनं न्हाई. सुईतनं गेलेल्या आजारानं. अण्णांचा दोष न्हाई. शेजारच्या दोन गावांत त्यांचाच हात आन् त्याच सुया, तितं हा आजार न्हाई. आपल्याकडं सुया आमच्या चुलीवर उकळायच्या. अण्णांनी ईस मिनिटं सांगितली हुती. उकळी फुटली की पातेलं उतरलं जायचं."

पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या हातात साडीचा काठ तसाच होता.

"आय भाकरी थापायची," बाई म्हणाल्या. "तिचे हात पिठाचे. पातेलं उतरायचं काम माझ्याकडं हुतं. मला खेळाय जायची घाई असायची. कुनाचं ऐकीव सांगत न्हाई, बघितलेलं सांगते. माझा बाप दारू पीत नव्हता. तो माझ्या चुकीनं गेला. आता गोळ्या हायत. उद्या या."

आणि खाली बसल्या.

निवेदक ‘धन्यवाद’ म्हणाला. सरपंच टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात हात अर्धे जोडून राहिले. मग मांडवाच्या कडेनं दत्तू उठला.

"आक्का, माझा लंबर पयला लावा."

एवढ्यावर गाव सैल झालं. पोरच हुती तवा, कुणीतरी म्हणालं. त्याच्या शेजारचाही म्हणाला, पोरीला काय कळतंय. दहा वर्षांच्या मुलीला गाव माफ करतं, हे बाईंनी आधीच धरलं असावं. सगळ्यांनी केलं नाही. त्यांच्या एका चुलत भावजयीचा नवरा तसाच गेला होता. ती पुढं बाईंशी कधी बोलली नाही, समोर आल्या की पदर ओढून वाट बदलायची. बाईंनी ते तक्रार न करता सोसलं.

मला म्हातारीला घरी पोहोचवायला सांगितलं होतं. ती माझा हात धरून चालत होती. साडी तिनं काखेत घट्ट धरली होती. देवळापाशी आल्यावर थांबली.

"गुर्जी, डाक्टर आपल्या घरात बसाय लागलं, तवा मंदी साताऱ्याला हुती. बोर्डिंगात."

मी वळून तिच्याकडं बघितलं.

"सुट्टीला आली तरी चुलीकडं फिरकायची न्हाई. माळवदावर जाऊन वाचीत बसायची. पातेलं कशाशी खात्यात तिला ठावं नव्हतं." पुन्हा थोडं चालली. "तिला बोलू नगा, मला कळलं म्हणून. तिला वाटतंय म्हातारीच्या ध्येनात न्हाई ऱ्हायलं. वाटू द्या."

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं रांग लागली, पुढं मुंबई-पुण्याहूनही माणसं आली. गोळ्या मिळाल्या, बरीच बरी झाली. काहींना उशीर झाला होता. शोधनिबंधात बाईंनी ‘घरातील व्यक्तीकडून’ एवढंच लिहिलं. इंग्रजीत कर्मणी प्रयोग फार सोयीचा पडतो. पण गावात सगळ्यांना सांगितली ती गोष्ट खोटी होती. पुढाऱ्याला कावीळ झाली नाही हे सांगितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, त्यांनी एक न बघितलेली गोष्ट बघितली म्हणून सांगितली. गजराबाई त्या दिवाळीनंतर गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात बाई, झोपेत, हृदय थांबून. यकृत उत्तम होतं. आता दोघीही नाहीत, तेव्हा नोंद दुरुस्त करतो. त्यांनी माझं एवढं लेखन दुरुस्त केलं.

मी दोघींना शेवटचं एकत्र बघितलं ते दिवाळीच्या आधी. बाई आईजवळ राहायला गेल्या होत्या. मी गेलो तेव्हा त्या पाटावर बसून दत्तूनं केस कसे वाकडे कापले याची तक्रार करत होत्या आणि म्हातारी गॅसपाशी उभी होती. चहाला उकळी फुटली. सवयीनं तिचा हात फडक्याकडं गेला आणि मागं आला.

चहा उकळत राहिला. रंग चढला, काळपट झाला, पातेल्याच्या कडेला चिकटायला लागला. घरभर वास सुटला. बाई बोलता बोलता थांबल्या.

"आये, उतर की. झाला चा."

"ऱ्हाऊ दे जरा," म्हातारी पाठमोरीच म्हणाली. "उकळू दे."

बाईंनी आईच्या पाठीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. पातेल्यातलं पाणी निम्मं आटल्यावर म्हातारीनं गॅस बंद केला आणि आमच्या पुढ्यात कप ठेवले.

चहा कडूजहर झाला होता. मी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरून तळापर्यंत संपवला आणि रिकामा कप आईपुढं केला.

"अजून हाय का गं?"